गरिबांच्या खाटा कोणी गिळल्या?

ज्या इमारतीखालची जमीन पुष्कळदा सरकारने नाममात्र भाड्याने दिली, जिच्या उत्पन्नावरचा कर राष्ट्राने सोडून दिला, जिच्या कोनशिलेवर दात्याचे नाव आणि जिच्या नोंदणीपत्रावर लोकसेवेचे उद्दिष्ट कोरले गेले, त्या इमारतीच्या दारात पाटोद्याचा, शिरूर कासारचा किंवा वडवणीचा एखादा ऊसतोड मजूर वेदनेने कळवळणाऱ्या बायकोला रिक्षातून उतरवून उभा राहतो, तेव्हा त्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न तिला कधीपासून दुखते आहे हा नसतो, तिने काही खाल्ले आहे का हा नसतो, तिच्या पोटात मूल आहे का हाही नसतो. डिपॉझिट किती भरता, हा असतो.

तातडीच्या रुग्णाला हा प्रश्न विचारणे महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना जवळजवळ वीस वर्षांपासून मना आहे. आमच्या वाचकांपैकी कितीजणांना हे ठाऊक आहे? ज्यांना ठाऊक असायला हवे होते त्यांनी ते किती काळजीपूर्वक दडवून ठेवले, याचे उत्तर त्या संख्येतच मिळेल.

कायदा काय म्हणतो ते एकदा स्वच्छ शब्दांत सांगितले पाहिजे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांच्या १९५० च्या अधिनियमात १९८५ साली कलम ४१ कक घालण्यात आले आणि धर्मादाय रुग्णालयांवर गरिबांसाठी खाटा राखण्याचे बंधन आले. ते बंधन कागदावरच सुकत राहिले, म्हणून २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि ऑगस्ट २००६ मध्ये न्यायालयाने संपूर्ण योजनाच बांधून दिली. चालू खाटांपैकी दहा टक्के निर्धन रुग्णांसाठी पूर्णतः मोफत. आणखी दहा टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल रुग्णांसाठी सवलतीच्या दराने. रुग्णालयाच्या एकूण बिलांतील दोन टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' म्हणून वेगळ्या खात्यात. निर्धनाला खाट, परिचर्या, नित्याच्या तपासण्या, रुग्णालय देत असेल तर जेवण, यांचे काहीही शुल्क नाही. डॉक्टरांनी त्याच्याकडून फी घ्यायची नाही. औषधे आणि शस्त्रक्रियेचे साहित्य खरेदीच्या भावाने धरून त्या निधीतून भागवायचे. आणि तातडीचा रुग्ण आला, तर कागद नंतर, पैसे नंतर, आधी उपचार. या योजनेची उत्पन्नमर्यादा वेळोवेळी वाढत गेली; आज वर्षाला १ लाख ८० हजारांच्या आत उत्पन्न असलेले कुटुंब निर्धन आणि ३ लाख ६० हजारांच्या आतले कुटुंब दुर्बल गटात मोडते. म्हणजे बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर, कोरडवाहू शेतकरी, हमाल, अंगणवाडी मदतनीस, हॉटेलात कपबशा विसळणारा पोऱ्या, ही सारी माणसे या छत्राखाली येतात. जिल्ह्याचा मोठा भाग येतो.

मग या खाटा आहेत कुठे?

हिशेब मांडून पाहू. शंभर खाटांचे एक धर्मादाय रुग्णालय घ्या. त्यात वीस खाटा गरिबांच्या. वर्षाच्या ३६५ दिवसांत त्या वीस खाटांचे ७,३०० खाट-दिवस होतात. एका रुग्णाला सरासरी पाच दिवस लागले असे धरले, तर एका रुग्णालयातून वर्षाकाठी चौदाशेहून अधिक गरीब रुग्ण मोफत किंवा निम्म्या दरात बरे होऊन घरी जायला हवेत. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालये आहेत, आणि कित्येकांच्या खाटा शंभराच्या पुष्कळ पुढे आहेत. ज्या रुग्णालयाची वर्षाची बिले पन्नास कोटींची, त्याच्या निर्धन निधीत दरसाल एक कोटी रुपये जमा व्हायला हवेत. एवढी मोठी सार्वजनिक संपत्ती डोळ्यांसमोर असताना बीडच्या माणसाला ती दिसत नाही, कारण ती दिसू नये अशीच तिची मांडणी केलेली आहे. फलक असतो तर लिफ्टच्या मागे असतो. समाजसेवा अधीक्षकाची खोली असते तर दुपारनंतर बंद असते. 'बेड शिल्लक नाही' हे उत्तर तोंडी मिळते, लेखी कधीच मिळत नाही. गरिबाची खाट रिकामी पडून राहत नाही. ती पैसेवाल्याला विकली जाते.

आणि हा व्यवहार करणारे हात कोणाचे आहेत? भाडोत्री इमारतीत चार खाटांचा दवाखाना टाकून कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या एखाद्या डॉक्टरवर आमचा रोख नाही. तो धंदा करतो, धंद्याचा कर भरतो आणि धंदाच करतो असे सांगतो. आमचा रोख त्यांच्यावर आहे ज्यांनी नफा न कमावण्याची शपथ घेऊन समाजाकडून सवलती उचलल्या, ज्यांच्या विश्वस्त मंडळांवर समाजातील प्रतिष्ठितांची नावे मिरवतात, जे वर्धापनदिनी दीपप्रज्वलन करून गोरगरिबांच्या सेवेचा उच्चार करतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बिलासाठी मृतदेह अडवून धरण्याची भाषा करतात. शपथ मोडणारा व्यापाऱ्यापेक्षा अधिक दोषी असतो, कारण व्यापाऱ्याने समाजाकडून काही उसने घेतलेले नसते. आपल्या या विश्वस्तांनी घेतले आहे. जमीन घेतली, करमाफी घेतली, देणग्या घेतल्या, मान घेतला. त्याच्या बदल्यात जे द्यायचे कबूल केले तेवढे मात्र राहून गेले.

मार्च २०२५ च्या अखेरीस पुण्यात जे घडले त्याने साऱ्या महाराष्ट्राची झोप उडायला हवी होती. पोटात जुळी मुले असलेली एक तरुणी दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात पोहोचली. दहा लाख रुपयांचे डिपॉझिट मागितल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला. तेथून ती दुसऱ्या रुग्णालयात गेली, तिने दोन मुलींना जन्म दिला आणि तिचा प्राण गेला. आंदोलने झाली, चौकशा झाल्या, अहवाल लिहिले गेले. रुग्णालयाने नंतर जाहीर केले की यापुढे तातडीच्या रुग्णाकडून डिपॉझिट घेणार नाही. वाचकहो, या घोषणेचा अर्थ नीट ध्यानी घ्या. जे २००६ पासून बंधनकारक होते, ते २०२५ मध्ये ठराव म्हणून जाहीर करावे लागले. त्याआधीची एकोणीस वर्षे कोणी मोजायची? त्या वर्षांत किती दारांतून किती रुग्ण परत फिरले, याची वही कोणत्या धर्मादाय कार्यालयात आहे? ती तरुणी एका आमदाराच्या स्वीय सहायकाची पत्नी होती. मंत्रालयापर्यंत फोन लावू शकणाऱ्या घरातली होती. तिच्या वाट्याला जर हे आले, तर एखाद्या तांड्यावरून आलेल्या, मराठीही अडखळत बोलणाऱ्या लमाण बाईच्या वाट्याला काय येत असेल?

दहा लाख ही रक्कम बीडच्या भाषेत सांगितली पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये मोठ्या संपाच्या इशाऱ्यानंतर ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनामागे २७३ रुपयांचे ३६६ रुपये झाले. एक कोयता म्हणजे नवराबायको. पहाटेच्या काळोखात फडात उतरून, ऊस तोडून, मोळ्या बांधून, त्या डोक्यावरून गाडीत चढवून हे दोघे दिवसाकाठी दोन टन ऊस तोडतात असे धरू. दहा लाख रुपयांसाठी त्यांना २,७३२ टन ऊस तोडावा लागेल. पाच महिन्यांचा हंगाम, एकही खाडा नाही, एकही आजार नाही, तोंडात एकही घास नाही, मुकादमाच्या उचलीतून एक पैसाही वळता नाही, असे अशक्य गणित मांडले तरी नऊ गळीत हंगाम लागतील. नऊ वर्षांची दोन माणसांची हाडे एका काउंटरवर, एका रात्रीत, रोख मागितली जातात. दहा लाख सोडा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार ग्रामीण भारतात बाळंतपण वगळता सरकारी रुग्णालयातल्या एका भरतीचा सरासरी वैद्यकीय खर्च ४,२९० रुपये होता आणि खासगीतला २७,३४७ रुपये. तो आठ वर्षांपूर्वीचा खासगी आकडादेखील आजच्या दराने पंचाहत्तर टन उसाइतका आहे. एक साधी भरती, आणि कोयत्याचा सव्वा महिना गेला.

हे पैसे येतात कुठून, हे या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल घेतली जाते, म्हणजे पुढच्या वर्षीचे शरीर गहाण पडते. सावकाराकडे पासबुक जाते. दोन एकर कोरडवाहू जमिनीतली एक एकर भावकीतल्या कोणाच्या तरी नावावर होते. म्हैस, मंगळसूत्र, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव, सारे त्या एका खिडकीतून आत जाते. ठेवीचे म्हणावे तर २०२३ मध्ये ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या शाखांना टाळी लागली आणि या जिल्ह्यातील हजारो घरांची आजारपणासाठी राखलेली पुंजीच अडकून पडली. आपल्या हक्काचे पैसे पतसंस्थेत अडकलेले, आपल्या हक्काची खाट रुग्णालयात अडकलेली, आणि माणूस दोन्ही दारांच्या मधल्या फुटपाथवर.

कोणी म्हणेल, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे ना? आहे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली ही योजना पुढे राज्यभर गेली, तिला फुल्यांचे नाव मिळाले आणि आता कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण सांगितले जाते. तिने हजारो जीव वाचवले आहेत, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण गावोगावच्या नातेवाइकांना विचारा, रुग्णालयात कोणते वाक्य सर्वांत जास्त वेळा कानी पडले? 'योजनेत बसत नाही.' आजार बसत नाही, तपासणी बसत नाही, ती विशिष्ट जाळी बसत नाही, आज ऑनलाइन मंजुरी येत नाही. आणि योजनेत न बसणाऱ्या याच रुग्णाला धर्मादाय खाटेचा दुसरा हक्क शिल्लक असतो, हे त्याला सांगणारा एकही माणूस त्या चकचकीत दालनात नसतो. ज्या सावित्रीबाईंनी प्लेगने फणफणलेल्या पोराला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी प्राण सोडला, त्यांच्या पतीच्या नावाचा फलक खिडकीवर लावून त्या खिडकीतून आजाऱ्याला परत पाठवणे, हा निव्वळ प्रशासकीय दोष नाही. ती विटंबना आहे.

बीडचे दुर्दैव अधिक खोल आहे. येथला रुग्ण उपचारासाठी जिल्हा सोडतो. संभाजीनगर, अहिल्यानगर, लातूर, बार्शी, पुणे: शंभर-दीडशे, कधी अडीचशे किलोमीटर. जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वेची शिटी ऐकायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला, तोवर रुग्णवाहिकेचे भाडे हाच उपचाराचा पहिला हप्ता होता, आणि बहुतेक तालुक्यांना तो आजही आहे. परक्या शहरात उतरलेल्या माणसाच्या हाती ना ओळख, ना रेशनकार्डाची मूळ प्रत, ना तहसीलदाराचा दाखला. टोळी सांगलीच्या फडात किंवा कर्नाटकात असेल, तर कागद गावात आणि आजारी माणूस तीनशे किलोमीटरवर. उत्पन्नाचा दाखला काढायला आठवडा, आणि फुटलेल्या आतड्याला एक रात्र. हे ज्यांनी नियम राबवायचे त्यांना कळत नाही असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही.

आता ती गोष्ट, जी लिहिताना या जिल्ह्यातील प्रत्येक लेखणीची मान खाली जाते. जून २०१९ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीची आकडेवारी आली. त्यांतील १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. सहा जणींमागे एक. गावात याला 'पिशवी काढली' म्हणतात, दात काढल्यासारखे. ऐन तिशी-पस्तिशीतल्या या बाया. अंगावरून जाते म्हणून, ओटीपोटात दुखते म्हणून, फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर मुकादम दंड कापतो म्हणून त्या खासगी दवाखान्याची पायरी चढल्या, आणि पुष्कळींना कर्करोगाची भीती घालून, पंधरा-वीस दिवसांच्या औषधांनी जे बरे झाले असते त्यासाठी त्यांचा अवयव काढून घेतला गेला. खर्च? कर्जाने. कर्ज कोणाचे? मुकादमाचे. फेडायचे कसे? पुन्हा फडात उतरून, टाके ओले असताना.

या प्रश्नाचा धर्मादाय खाटांशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर आहे: संबंध थेट आहे. ज्या बाईला अंबाजोगाईला, लातूरला किंवा नगरला मोफत सोनोग्राफी, मोफत स्त्रीरोगतज्ज्ञ आणि दोन दिवसांची मोफत खाट तिच्या हक्काने मिळाली असती, जिला कोणी सांगितले असते की पिशवीला काही झालेले नाही, पांढरे जाते त्यावर गोळ्या आहेत, ती बाई गल्लीतल्या नफेखोराच्या टेबलावर गेली नसती. धर्मादाय दार बंद झाले की बाजाराचे दार उघडते, आणि बाजार तिला तिच्या शरीराचाच एक तुकडा मागतो. २०१२ साली परळीत स्त्रीभ्रूणहत्येच्या दुकानात एका गर्भवतीचा जीव गेला तेव्हाही हा जिल्हा हादरला होता. २०११ च्या जनगणनेत दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली एवढी शरमेची संख्या याच जिल्ह्याच्या कपाळी होती. प्रत्येक वेळी आपण हादरतो, प्रत्येक वेळी समिती बसते, प्रत्येक वेळी एखाद्या डॉक्टरचे नाव गाजते, आणि ज्या रिकाम्या जागेत असे डॉक्टर उगवतात ती जागा तशीच राहते. त्या जागेचे नाव आहे गरिबाला परवडणाऱ्या, प्रतिष्ठेने मिळणाऱ्या उपचाराचा अभाव. ती जागा भरणे ज्यांचे कर्तव्य होते त्यांत शासन पहिले आणि धर्मादाय संस्था दुसऱ्या. दोघेही चुकले.

संस्थाचालकांचे म्हणणेही आम्ही ऐकले आहे. दोन टक्के निधी पुरत नाही. यंत्रे कोटींची झाली. परिचारिका टिकत नाहीत. सरकारी योजनेचे पैसे महिनोन् महिने थकतात. यातला शेवटचा मुद्दा खरा आहे आणि शासनाने त्याची लाज बाळगली पाहिजे: जनतेच्या आरोग्याच्या नावाने जाहिरातींचे फलक लावायचे आणि रुग्णालयांची देणी थकवायची, हा बेजबाबदारपणा शेवटी गरिबाच्याच अंगावर कोसळतो. परंतु उरलेल्या सबबी कोणापुढे मांडता? निधी खरोखर संपला असेल तर त्याचा महिन्याचा जमाखर्च दारावर लावा. कोणत्या रुग्णावर किती खर्च झाला ते दाखवा. देणगी कोणत्या खात्यात वळली ते दाखवा. खाती उघडी करून बसलेल्या संस्थेच्या अडचणीसाठी हा जिल्हा पदरची भाकर मोडून देईल. या भूमीत भगवानगडाच्या पंगतीला आणि गावोगावच्या सप्ताहांना फाटक्या झोळीतून धान्य देणारी माणसे राहतात. हिशेब दडवणाऱ्याने मात्र गरिबीचे रडगाणे गाऊ नये.

आणि हे अशक्य आहे असे तर कोणी म्हणूच नये. लातूरला १९६६ साली डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय उभे केले, मराठवाड्याच्या खेड्यांपर्यंत नेले. संभाजीनगरला १९८९ मध्ये काही तरुण डॉक्टरांनी शहरातल्या कमाईच्या वाटा सोडून डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू केले आणि वस्त्यांमधल्या माणसाला परवडणाऱ्या उपचाराचा पत्ता दिला. नगरला जैन सोशल फेडरेशनने आनंदऋषीजींच्या नावाने उभारलेल्या रुग्णालयात आष्टी-पाटोद्याकडची माणसे हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी जातात, कारण तेथे दर आवाक्यात असतात. या संस्थांना वीज फुकट मिळत नाही, त्यांच्या परिचारिकाही पगार घेतात, त्यांची यंत्रेही परदेशातूनच येतात. फरक विश्वस्तांच्या मनात आहे. तेवढाच आहे.

धर्मादाय आयुक्तालयाला आम्ही काय म्हणावे? योजनेत देखरेख समितीची तरतूद आहे, दर महिन्याच्या अहवालाची तरतूद आहे, नियम मोडणाऱ्याच्या सवलती काढून घेण्याची वाट आहे. एवढी शस्त्रे हाती असताना जो अधिकारी रुग्णालयाने भरून पाठवलेल्या तक्त्यावर शिक्का मारून फाइल बंद करतो, तो देखरेख करत नाही. तो पांघरूण घालतो. कोणत्या धर्मादाय रुग्णालयाची करसवलत या कारणाने काढली गेली आणि ती बातमी बीडच्या माणसाने कधी वाचली? लोकप्रतिनिधींनीही हात झटकू नयेत. साखर कारखाना, शिक्षणसंस्था, पतसंस्था आणि रुग्णालय यांच्या चाव्या या राज्यात वर्षानुवर्षे त्याच त्या घराण्यांच्या कमरेला आहेत. एका हाताने तोडणी कामगाराचा दर ठरवायचा, दुसऱ्या हाताने त्याच कामगाराच्या आजाराचा दर ठरवायचा, आणि निवडणुकीत त्याच्या वस्तीवर येऊन चिठ्ठी द्यायची की 'साहेबांचा फोन गेला की बिल कमी होईल'. ज्याचा हक्क आहे त्याला चिठ्ठी का लागावी? चिठ्ठीने मिळणारी सवलत ही हक्काची चोरी करून परत केलेला मालाचा तुकडा आहे. चिठ्ठ्यांचे हे राज्य मोडले पाहिजे.

शासनालाही सुटका नाही. निजामाच्या राजवटीशी झुंजलेल्या स्वामी रामानंद तीर्थांनी ज्या अंबाजोगाईत शाळा घडवली, त्या गावात १९७४ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. खेड्यातल्या माणसाला खेड्याजवळ उपचार मिळावा हा त्यामागचा ध्यास होता. अर्धशतक लोटले. आजही गंभीर रुग्णाच्या केसपेपरवर 'पुढे न्या' असे लिहिले जाते आणि तो कागद घेऊन नातेवाईक खासगीच्या दारात जातात. सरकारी रुग्णालयात विशेषज्ञांची पदे भरली, यंत्राबरोबर ते चालवणारा माणूस दिला, रात्री रक्त आणि भूल मिळाली, तर धर्मादाय म्हणवणाऱ्यांची मक्तेदारी सहा महिन्यांत ढासळेल. ती ढासळू नये अशी इच्छा कोणाची आहे, हे आम्ही विचारत राहू.

आमच्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांपैकी एकीसाठीही नवा कायदा लागत नाही. बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी, जिल्हा शल्यचिकित्सकांनी आणि येथल्या धर्मादाय कार्यालयाने एकत्र बसून जिल्ह्यातील आणि बीडचे रुग्ण जेथे जातात त्या शेजारच्या जिल्ह्यांतील प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाची यादी काढावी: एकूण खाटा किती, त्यांत राखीव किती, आज भरलेल्या किती, निर्धन निधीत जमा किती, खर्च किती, आणि समाजसेवा अधीक्षकाचा दूरध्वनी क्रमांक कोणता. ही यादी दर सोमवारी नव्याने प्रसिद्ध व्हावी. खाट नाकारणाऱ्या रुग्णालयाने नकाराचे कारण लेखी द्यावे; न देणाऱ्यावर त्याच आठवड्यात नोटीस जावी. ऊसतोड कामगाराच्या ओळखपत्रालाच उत्पन्नाच्या दाखल्याची मान्यता द्यावी, म्हणजे कोल्हापूरच्या फडातून आलेल्या बाईला तहसीलच्या रांगेसाठी माघारी यावे लागणार नाही. पिशवी काढण्यापूर्वी शल्यचिकित्सकांच्या परवानगीचा जो नियम २०१९ नंतर या जिल्ह्यात आला, त्याची किती प्रकरणे मंजूर झाली आणि किती नाकारली गेली हे आकडे वर्षातून दोनदा जनतेपुढे यावेत. आणि ज्या विश्वस्त मंडळाने सलग दोन वर्षे आपल्या राखीव खाटा भरल्या नाहीत, त्याच्या अध्यक्षाला जिल्ह्याच्या कोणत्याही शासकीय व्यासपीठावर खुर्ची मिळू नये.

वाचकांनीही एक काम हाती घ्यावे. या जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि प्रत्येक तालुक्यात वकील आहेत, शिक्षक आहेत, निवृत्त कर्मचारी आहेत, माहिती अधिकाराचा अर्ज लिहिता येणारी तरुण मुले आहेत. प्रत्येक तालुक्यातून एकाने, एका धर्मादाय रुग्णालयाविषयी, धर्मादाय कार्यालयाकडे एकच अर्ज करावा: गेल्या तीन वर्षांत या रुग्णालयाने किती निर्धन आणि किती दुर्बल रुग्णांवर उपचार केले, त्यांवर निधीतून किती खर्च झाला आणि आज निधीत किती रक्कम शिल्लक आहे. येणारे प्रत्येक उत्तर, आणि न येणारे प्रत्येक उत्तरसुद्धा, आम्ही रुग्णालयाच्या नावासह पहिल्या पानावर छापू. टोळ्या गाव सोडण्याआधी ते छापायचे आहे. अर्ज आजच टाका.